दोन पाकळ्यांची झडप

हॅलो?

हॅलो… कोण? जरा मोठ्यानं बोला.

हॅलो?… हे बघा, काल दोनदा असंच झालं, आज सकाळी पुन्हा एकदा. बोलायचं नसेल तर नंबर कशाला फिरवता? नवरा गेलाय माझा, जेमतेम महिना झालाय. थट्टामस्करीला दुसरं घर बघा. ठेवते मी.

…

ताई?

ताई, तुम्हीच ना?… श्वास ऐकू येतोय मला. अहो, तीस वर्षं तुमची भावजय आहे मी, तुमचा श्वास ओळखणार नाही? बोला ना. नुसतं हूं म्हणा.

…हूं. बरं झालं बाई. थांबा हं, गॅस बंद करून येते. ठेवू नका! ठेवलात तर तिकडं येऊन दारात बसेन…

हां, आले. आहात?… आहात.

जेवलात का?… दोन वाजून गेले, ताई. …मी? मी जेवले. …बरं, नाही जेवले. तुमच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय आता. एकदा बोललो तेवढं पुरे झालं.

किती फोन केले तुम्हाला! उचलत नाही. गेल्या आठवड्यात मी आलेही होते, माहितीये? दार वाजवलं. आत रेडिओ चालू होता, बातम्या लागल्या होत्या. मी वाजवलं आणि रेडिओ बंद झाला. …मग काय, पायरीवर बसले थोडा वेळ आणि आले परत.

मी समजू शकते हो. राग येणारच. आईमागं ज्या बहिणीनं लहानाचं मोठं केलं, तिला सांगायचं ‘पित्ताशयात खडा झालाय’, आणि एक दिवस तिला एकदम… तुम्ही त्या दिवशी आलात, त्यांच्याजवळ बसलात, आणि पाण्याचा घोटही न घेता उठून निघून गेलात. तेव्हाच मी ओळखलं, ताई दुखावल्या.

…नाही, कल्पना यांचीच. पण मी होते सामील, नाही कशाला म्हणू? मी म्हटलं होतं, अहो, ताईंना कशाला फसवता? तर म्हणतात, ‘फसवतो कुठं? खडाच आहे की. पत्ता तेवढा चुकीचा दिला.’

…हो ना. असेच होते. …हसलात की रडलात? इकडं कळलं नाही मला. …दोन्ही. बरं.

का म्हणजे? तुमच्यासाठीच. ‘ताईला कळलं तर ती माझ्याआधी जाईल,’ म्हणायचे. पावणेसहा फुटी माणूस, साठीला आलेला, पण तुमच्यापुढं टिल्ल्या तो टिल्ल्याच. …

काय?… राग नव्हता? मग?

मोठ्यानं बोला, ताई… कुणी मारलं?… तुम्ही?! काय बोलताय हे?… कुठल्या गोळ्या?

अहो… कॅल्शियमच्या? त्या संत्र्याच्या चवीच्या?

अरे देवा.

म्हणजे महिनाभर हे उरावर घेऊन बसलाय तुम्ही?… कोण म्हणालं?… मामेभाऊ? काय म्हणाला नेमकं?… ‘हृदयात कॅल्शियम साठलं, त्यानं गेला.’ त्याला कुठं माहीत होतं डब्या कोण पाठवतंय ते. …आणि तुम्ही तिथून उठलात. तरीच. तरीच पाणी नाही घेतलं.

ताई, ऐका. ऐका ना… नाही, आधी माझं ऐका, मग रडा हवं तेवढं. सहा वर्षांपूर्वी यांचं मनगट मोडलं, लिफ्टच्या दारात सापडून. हाडाच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढं तुम्हीच दर महिन्याला डबी धाडत राहिलात. …हो, खाल्ल्या. सगळ्या खाल्ल्या. खाल्ल्या नाहीत म्हटलं असतं तर तुमच्या जिवाला बरं वाटलं असतं, पण खाल्ल्या. आवडायच्या त्यांना, जेवण झालं की चघळत बसायचे. पण त्या गोळ्यांनी नाही गेले ते.

कशावरून म्हणजे? डॉक्टरांना विचारलंय मी. …मीच. एकटी जाऊन. हे गेल्यावर दहा-बारा दिवसांनी गेले होते. पोरगी म्हणाली, आई, आता कशाला त्या पायऱ्या चढतेस? पण माझंही एक होतं ना विचारायचं. …सांगते. सगळं सांगते, अगदी पहिल्यापासून. ऐकाल ना? मधे ठेवणार नाही ना?

तर सुरुवात कधी झाली ते मला कळलंच नाही बघा. यांच्याबरोबरच्या फिटरला आधी कळलं. आता लिफ्ट दुरुस्त करायची म्हणजे लिफ्ट बंद, आणि मशीन रूम वर गच्चीत. सगळ्या जगाला वर नेणारा माणूस स्वतः आपला जिन्यानं. पस्तीस वर्षं चढले. तर तो फिटर म्हणाला, हल्ली काका तिसऱ्या मजल्यावर थांबायचे. हत्यारांची पिशवी खाली ठेवायची आणि तिथल्या दाराचं रबर निरखत राहायचं. दोन-दोन मिनिटं. कुठलीही इमारत असो, तिसऱ्या मजल्याचं रबर. त्यानं एकदा विचारलं, काका, एवढं काय आहे या रबरात? तर म्हणे, ‘तू हो पुढं, मी आलोच.’

…हो, घरी अवाक्षर नाही. कळू देतील तर ते कसले!

मग एक दिवस गच्चीतच डोळ्यांपुढं अंधारी आली. पडले नाहीत, कठड्याला धरून बसले. तेव्हा कुठं डॉक्टर. त्यांनी नुसती नळी लावली छातीला आणि त्यांचा चेहरा बदलला. …ऐकू येतं म्हणे नळीतून, खरखरतं. मग इको. …इको म्हणजे सोनोग्राफीच हो, हृदयाची. मी आत उभी होते. पडद्यावर सगळं काळं-करडं हलत होतं आणि मधे एक पांढरंफटक, जाडजूड काहीतरी. हलायचं नावच नाही. मला वाटलं बरगडी असेल. तर त्या तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, हाड नाही, झडप आहे ही.

…हो. हृदयातून रक्त बाहेर पडतं ना, तिथलं मोठं दार. कॅल्शियम चढून चढून दगड झालेलं. बाटलीच्या बुचाएवढं उघडायला हवं, तिथं पेन्सिलीएवढी फट. आणि नुसती झडप नाही, हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही धरलं होतं. सीटी स्कॅनमध्ये दिसत होतं, खडूनं ठिपके द्यावेत तसं. आणि हे टेबलावर उताणे पडल्या पडल्या त्या बाईंना विचारतात, ‘नुसतं रबर बदलून भागेल का हो?’

…हसल्या त्या. मीही हसले. तेव्हा हसू येत होतं, ताई.

नाही, रबर नाही, झडपच बदलायची होती. बदलतात. रोज कितीतरी जणांची बदलतात म्हणे. तारीखही मिळाली होती. नऊ.

…हो, नऊ. …बरोबर, ते गेले सतराला. …नाही, नऊला झालं नाही ऑपरेशन. …थांबा. हेच सांगायचंय मला. जरा पाणी पिऊ द्या.

…

तारीख मी बदलली, ताई.

…मी. यांनी नाही. हे तयार होते. पिशवी भरून ठेवली होती, दाढीचं सामान, चष्म्याचं घर, सगळं. मीच कच खाल्ली. पोरगी परगावी, तिला पंचवीसनंतर रजा. यांची छाती उघडणार, हृदय थांबवून ठेवणार, आणि बाहेर बाकावर मी एकटी. कुणाचा हात धरू?… तुमचाच. हो, तुमचाच आठवला. फोन उचलला होता, अर्धा नंबर फिरवलाही होता. मग वाटलं, तुम्हाला तर खडा सांगितलाय. आता कुठल्या तोंडानं सांगू की पोट नाही, काळीज आहे? ठेवला फोन. आणि तोच परत उचलून दवाखान्याला लावला, म्हटलं, तीन आठवडे पुढं न्या. तिथली बाई म्हणाली, यात थांबणं बरं नव्हे. मी म्हटलं, तीनच आठवडे तर आहेत. …तीस मिळाली.

तुम्हाला सांगितलं असतं तर पहिल्या बसनं आला असता तुम्ही. माहितीये मला. नऊलाच पार पडलं असतं सगळं.

…

ताई?… आहात ना?

काहीतरी बोला.

…हो. …हो. …बरोबर आहे. …हो, मूर्खच. …बोला. …नाही, थांबू नका. महिनाभर येतंय ते माणूस मला ‘तू किती केलंस त्यांचं’ म्हणतंय. किती केलंस, किती केलंस! कुणी एक बोल लावला नाही. तुम्ही तरी लावा. …हो, तोंड होतं ना मला, होतं. …हो, नुसतं ‘या’ म्हटलं असतं तरी आला असता. …मी तरी कुठं माफ करतेय स्वतःला?

…ताई, दम घ्या जरा. …दम घ्या म्हणते, मग रागवा. मी कुठं पळून चाललेय?

…

कसे गेले?… कुणी सांगितलंच नाही तुम्हाला?

काही नाही हो. सकाळचे दहा. मी भांडी घासत होते, हे खुर्चीत बसून पायाची नखं काढत होते. बेल वाजली. मी आतून ओरडले, माझे हात ओले आहेत हो. ‘मी बघतो,’ म्हणाले. उठले, आणि दारापर्यंत पोचलेच नाहीत. आठ पावलं आहेत. मोजलीत मी. इतके मजले चढला माणूस आणि गेला तो सपाट फरशीवर, घरातल्या घरात. दारात विजेचा मीटर बघणारा होता. मी दार उघडलं, त्यानं एकदा आत बघितलं आणि हातातलं यंत्र तिथंच टाकून धावला. छाती दाबायला लागला. कोण कुठला, नाव ना गाव, पण घामानं निथळला तरी सोडेना. मीच शेवटी म्हटलं, राहू द्या आता, दादा.

…

नाही. …नाही ताई, तुमचं नाव नाही घेतलं. माझंही नाही. ‘मी बघतो’, एवढंच. …घेतलं म्हणून सांगता आलं असतं मला, तुम्हाला कुठं कळणार होतं? पण नको आता.

…रडा. मी आहे इथंच. फोन माझ्याच हातात आहे.

…

बरं आता? पाणी प्यायलात?

तर मी डॉक्टरांकडं गेले ती या तारखेसाठी. म्हटलं, एकदा कुणीतरी तोंडावर सांगा, मी मारलं का त्यांना? त्यांनी फाइल पुन्हा उघडून बघितली. मग म्हणाले, नऊला केलं असतं तर वाचलेही असते, टेबलावर गेलेही असते, मला सांगता येणार नाही. …तेवढंच. खोटा धीर नाही दिला. तेव्हा राग आला मला, पण आता वाटतं, बरं केलं.

निघताना मीच विचारलं, हे एवढं कॅल्शियम आलं कुठून? दुधातनं? गोळ्या खायचे हे. …हो, विचारलं मी. ‘गोळ्या’ असं तोंडानं उच्चारून विचारलं. तर म्हणाले, नाही. तुमच्या गोळ्यांचं काम नव्हे हे. कागद ओढला आणि चित्रच काढून दाखवलं. आपल्या या झडपेला तीन पाकळ्या असतात. यांना दोनच होत्या. …जन्मापासून, ताई. आईच्या पोटात असल्यापासून. तिघींचं काम दोघींनी करायचं, दिवस नाही रात्र नाही, साठ वर्षं. झीज होणारच. आणि जिथं झीज होते तिथं शरीर आपलंच लिंपत बसतं, थरावर थर, थरावर थर. ते लिंपणच शेवटी दगड होतं. …हो. …हो, दोनच. …शपथ कशाला? तो कागद मागून आणलाय मी, दाखवेन तुम्हाला.

…आता आईला कशाला ओढता मधे? ती बिचारी काय पाकळ्या मोजून जन्म देणार होती? कुणाचं काही नाही, ताई. तुमचं तर नाहीच नाही. …हां. …हां, असं म्हणा. पुन्हा म्हणा.

…

आता एक ऐका. खरं तर एवढ्यासाठीच मी तुमच्यामागं लागले होते. डॉक्टरांनी मला विचारलं, यांना सख्खं भावंड कोण? म्हटलं, एक मोठी बहीण. म्हणाले, त्यांचा इको करून घ्या, हे घराण्यात असतं कधी कधी. आमच्या पोरीचा केला परवाच. …नाही, तिचं ठीक आहे. तीन आहेत.

तुमचा राहिलाय.

…कशाला म्हणजे? …सहासष्ट म्हणजे काय वय झालं? …हो, जगून काय करायचं ते नंतर बघू, आधी तपासून तर घेऊ. …

ताई, एक विचारू? मगापासून बोलताना थांबताय, ते रडून थांबताय की दम लागून?

…जिना चढून आलात? कधी? …अकराला? दूध आणायला. बरं. मग तीन तास झाले की. …दोनच मजले ना तुमचे? मधे थांबलात? …किल्ली शोधायला. दुसऱ्या मजल्याची किल्ली पहिल्या मजल्यावर शोधत होता?

नका हो, ताई. माझ्याशी नका. या परीक्षेत एकदा नापास झालेय मी, सगळी निमित्तं पाठ आहेत मला आता. …छातीत दाबल्यासारखं होतं? …चालताना. आणि बसल्यावर जातं. …कधीपासून? …आणि चक्कर?

…

चक्कर आली होती का? सांगा.

…कधी? …परवा. …न्हाणीघरात. …पडलात? लागलं कुठं? …किती वेळ पडून होता? …कळलं नाही म्हणजे? …नळ सोडला तेव्हा बादली रिकामी होती, आणि डोळे उघडले तेव्हा पाणी उंबऱ्याबाहेर गेलं होतं.

…म्हणून फोन करत होता. काल. आज सकाळी. …आणि माझा आवाज आला की ठेवून देत होता. …काय म्हणालात? …‘जिचा नवरा मारला तिलाच कशी हाक मारू.’

अहो, काय माणसं आहोत आपण! तुम्ही तिकडं, मी इकडं, दोघी फोनजवळ बसून…

नाही. आता रडायचं नाही. मीही नाही. आत्ता कसं वाटतंय ते सांगा. या मिनिटाला. …हात गार पडलेत? …घाम येतोय? …बसलाय कशावर? स्टुलावर? खाली बसा, ताई. हळूच. भिंतीला टेकून, फरशीवर. वायर पोचते ना? …हां. दार? …नुसतं लोटलंय? बरं झालं, राहू द्या तसंच.

खाली त्या शिलाईवाल्या बाई आहेत ना? …हाक नका मारू, दम जाईल. काठी आहे जवळ? आपटा फरशीवर. …का नाही येणार? …अगं बाई! मशीनच्या आवाजानं तुम्ही रोजच आपटता, म्हणून त्या नुसतं मशीन बंद करतील? …मग बंद झालं तरी आपटत राहा. चिडून तरी येतील वर. …आपटा. …येतोय आवाज मला. …झालं बंद? थांबू नका. अजून.

मी दुसऱ्या हातानं मोबाइलवरून अँब्युलन्सला लावतेय. तुम्ही बोलू नका, नुसतं आपटा. …हॅलो, हो, एक पेशंट आहेत, छातीचा त्रास, चक्कर येऊन पडल्या होत्या… पत्ता सांगते, लिहून घ्या. दुसरा मजला, लिफ्ट नाही, खुर्ची आणा बरोबर… हो. हो, लवकर.

ताई? …आहात. निघाली म्हणाले. …आल्या का? …कोण ओरडतंय? …त्याच? द्या. फोन त्यांच्याकडं द्या. …अहो, मशीनचं नंतर भांडा दोघी, फोन द्या आधी!

हॅलो? …हो बाई, माफ करा, मशीनसाठी नव्हतं ते. बरं नाहीये त्यांना. बघा जरा, ओठ कसे दिसतायत? …घाम पुसा. उभं करू नका, पाठीला उशी द्या, चोळी सैल करा. अँब्युलन्स येतेय. आणि येणाऱ्यांना एक नक्की सांगा, यांचा सख्खा भाऊ महिन्यापूर्वी हृदयाच्या झडपेनं गेला. दोन पाकळ्यांची झडप होती म्हणावं. …हो, दोन. लिहून ठेवा हातावर, विसराल. …खडू आहे ना तुमचा कापडाचा? त्यानं लिहा.

त्यांना हृदयाच्या दवाखान्यात न्यायला सांगा, मी सरळ तिथंच येते. जवळ मीच आहे त्याच्या, तुमच्याआधी पोचेन. …कुणाचं नाव? …हो, लागेलच कागदावर कुणाचं तरी. माझं द्या. …नाही हो, दुसरं कुणी नाही त्यांना. …हो, तोच भाऊ, एकुलता. …मी? मी त्यांची…

…नातं काय लिहायचं?

बहीण लिहा.

…हो, धाकटी. …ठेवते.